पालिकेतले काम सुटले तरी अपघाताची भरपाई सुटत नाही: गोव्यातल्या कामगारांसाठी पायरीपायरीने

सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, खानापूर या भागांतून गोव्यात येऊन पालिकांच्या कचऱ्याच्या, गटारांच्या, रस्त्यांच्या कामावर लागणारे पुष्कळ लोक आहेत. काही थेट पालिकेच्या रोजंदारीवर असतात, बाकीचे ठेकेदाराच्या हाताखाली. काम करताना कोणाचा हात कचऱ्याच्या गाडीत चिरडतो, कोणी गटारावरच्या निसटत्या लादीवरून पडून कंबर मोडून घेतो. चार महिने घरी बसावे लागते आणि तेवढ्यात हजेरीपटावरचे नाव जाते. मग कधीतरी पालिकेतून किंवा ठेकेदाराकडून निरोप येतो, ‘ये, मिटवून टाकूया.’

हा निरोप येण्याआधी काय तयारी ठेवायची आणि आल्यावर काय करायचे, हे इथे सांगतो. दोन गोष्टी आधीच पक्क्या करून घ्या. भरपाईचा हक्क अपघात झाला त्याच दिवशी तयार होतो. पुढे तुम्ही काम सोडले, तुम्हाला काढले किंवा ठेका बदलला, तरी तो हक्क जात नाही. दुसरी गोष्ट तडजोडीची. पालिकेच्या टेबलावर सही करून घेतलेले पैसे म्हणजे तडजोड झाली असे नाही. ती कामगार खात्याच्या प्राधिकाऱ्याकडे नोंदली गेली पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीपाशी माणसे सर्वांत जास्त फसतात, म्हणून तिच्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९२३ सालचा कर्मचारी भरपाई कायदा वर्षानुवर्षे चालत आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. त्याआधीच्या अपघातांतून तयार झालेले हक्क जुन्या कायद्याप्रमाणे टिकून आहेत. सांगाडा दोन्हींचा जवळपास एकच आहे. जुन्या कायद्यात निवाडा करणाऱ्याला आयुक्त म्हणत, संहितेत सक्षम प्राधिकारी म्हणतात. लोकांच्या तोंडी अजून ‘कमिशनर’च आहे. मी इथे सरसकट प्राधिकारी म्हणेन. आकडे आणि मुदती दिल्या आहेत त्या १९२३ च्या कायद्याच्या आहेत. तुमचा अपघात नंतरचा असेल तर त्या वेळी लागू असलेले आकडे कामगार खात्यात विचारून घ्या.

पायरी १: इस्पितळातला पहिला कागद

अपघातानंतर माणूस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातो, नाहीतर म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात. तिथे केसपेपरवर डॉक्टर एक ओळ लिहितात: दुखापत कशी झाली. पुढची सगळी लढाई या एका ओळीवर उभी राहते. ‘कामावर असताना, कचऱ्याच्या गाडीचे झाकण हातावर पडून’ असे लिहिले गेले तर दावा अर्धा उभा राहिला समजा. ‘घरी पडून’ असे लिहिले गेले तर पुढे प्रत्येक पावलाला ते पुसत बसावे लागते.

सोबत आलेला सुपरवायझर कधी कधी कानाशी सांगतो, ‘घरी पडलो म्हणून सांग, नाहीतर पोलिसांचे लफडे होईल, उपचाराचा खर्च मी बघतो.’ ऐकू नका. पोलिसांची नोंद झाली तर ती तुमच्याच बाजूचा पुरावा असते. तुम्ही शुद्धीवर नसाल तर सोबतच्या माणसाने हे सांगायचे आहे, म्हणून घरच्यांना आणि सोबत्यांना हे आधीच सांगून ठेवा.

जपून ठेवायचे कागद असे: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, रिक्षा किंवा टॅक्सीच्या पावत्या, बँकेचे बारा महिन्यांचे स्टेटमेंट, पालिकेने किंवा ठेकेदाराने दिलेले ओळखपत्र. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी कोणी ‘अमक्याला लागले’ असे लिहिले असेल तर तो मेसेज तारखेसकट जपा. बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे आणि गावचे पत्ते लिहून घ्या. ही माणसे सहा महिन्यांनी दुसऱ्या ठेक्यावर गेलेली असतात आणि फोन नंबर बदललेले असतात.

तुमच्याकडे कागद नसतील तर ते पालिकेकडे आहेत. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून साधा अर्ज करा. त्यात चार गोष्टी मागा: अपघाताच्या महिन्याचा हजेरीपट, त्या कामाचा ठेका-करार आणि कार्यादेश, अपघाताबद्दल कार्यालयात झालेली नोंद किंवा पत्रव्यवहार, आणि ठेकेदाराने कामगारांसाठी काढलेल्या विम्याची प्रत. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. हजेरीपटाची झेरॉक्स हातात आली की नीट बघा. अपघाताच्या तारखेपर्यंत तुमच्या नावापुढे खुणा असतात आणि नंतर रकाने कोरे असतात. त्या दिवशी तुम्ही कामावर होता आणि नंतर येऊ शकला नाही, हे तो एक कागदच सांगतो.

पायरी २: मालक कोण, हे ठरवा

गोव्यात पणजीला महानगरपालिका आहे. मडगाव, म्हापसा, मुरगाव, फोंडा, डिचोली, सांखळी, पेडणे, वाळपई, कुडचडे-काकोडा, केपे, सांगे, काणकोण, कुंकळ्ळी इथे नगरपालिका आहेत. तुम्ही थेट पालिकेच्या रोजंदारीवर असाल तर मालक पालिकाच. ‘तू कायम नाहीस, रोजंदारीवाल्याला भरपाई नसते’ असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. फक्त तात्पुरत्या कामावर होता या कारणाने दावा नाकारण्याची वाट २००० सालच्या दुरुस्तीनेच बंद झाली आहे.

ठेकेदाराकडे असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे, पण तुमच्या फायद्याची आहे. एखादी संस्था आपले नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेत असेल, तर ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ संस्थेवरही येते. नंतर ती ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करू शकते. कचरा उचलणे, गटारे साफ करणे ही पालिकेची नेहमीचीच कामे आहेत. म्हणून अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा, आणि विमा पॉलिसी हाती लागली तर विमा कंपनीलाही. ‘ठेकेदाराकडे जा’ असे पालिका म्हणेल आणि ‘पालिकेकडे बिल अडकले आहे’ असे ठेकेदार म्हणेल. तो त्या दोघांचा आपसातला हिशोब आहे. तुम्ही मध्ये अडकायचे कारण नाही.

ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, आधी तपासा. पगारातून ०.७५ टक्के ईएसआय कापले जात असेल आणि तुमचा विमा क्रमांक असेल, तर भरपाईचा दावा या कायद्याखाली चालत नाही. मग अपघाताचा अहवाल ईएसआय कार्यालयात जायला हवा, आणि कामावर येता येत नाही त्या काळात पगाराच्या ९० टक्के दराने लाभ तिथून मिळतो. ठेकेदाराने पैसे कापले पण भरलेच नाहीत, असे असेल तर पगाराच्या स्लिपा घेऊन ईएसआय कार्यालयात आणि कामगार खात्यात, दोन्हीकडे लेखी तक्रार द्या.

गाडीखाली आला असाल किंवा पालिकेच्या वाहनाचा चालक किंवा हेल्पर असाल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचीही वाट असते. पण दोन्हीकडे भरपाई घेता येत नाही, एकच निवडावी लागते. ही निवड वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, कारण एकदा केली की मागे फिरता येत नाही.

पायरी ३: नोटीस, लेखी

अपघाताची नोटीस मालकाला शक्य तितक्या लवकर द्यायची असते. त्यात नाव, पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण, एवढे पुरते. पालिकेत जाऊन आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात कोकणीबरोबर मराठीलाही जागा आहे, त्यामुळे नोटीस मराठीत लिहायला घाबरू नका. पालिकेला अपघात माहीत होता हे दिसत असेल तर नोटीस राहिली किंवा चुकली म्हणून दावा बाद होत नाही. म्हणून उशीर झाला असला तरी हे पाऊल गाळू नका.

नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांत फुकट वैद्यकीय तपासणी देऊ करू शकतो. ती नाकारू नका, नाकारली तर तेवढ्या काळाचा हक्क थांबतो. जा, पण आपले कागद झेरॉक्स करून न्या आणि त्या डॉक्टरांनी काय लिहिले त्याची प्रत मागा.

दावा दाखल करायची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

काम सुटल्यानंतर आजार पुढे येतो तेव्हा काय? व्यवसायजन्य आजारांची यादी कायद्यात आहे. मोठ्या आवाजाच्या कामामुळे ऐकू येईनासे होणे हा त्यातलाच एक. यादीतल्या आजाराची लक्षणे काम सोडल्यापासून दोन वर्षांत दिसली, तर ती पहिल्यांदा सापडली तो दिवस अपघाताचा दिवस धरला जातो. पावसाळ्यात गटारात काम करून लेप्टोस्पायरोसिस झाला, तर तो संसर्गजन्य आजारांच्या गटात बसवून मागता येतो. मात्र कामाचा आणि आजाराचा संबंध दाखवणारा डॉक्टरांचा कागद त्यासाठी हवा.

पहाटे कामावर येताना वाटेत झालेल्या अपघाताबद्दलही लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात घर ते कामाची जागा हा प्रवास कामाशी जोडून धरला. मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. संहितेतही ही तरतूद स्पष्ट आहे. तेव्हा पाच वाजताच्या ड्युटीला मोटारसायकलवरून येताना पडलात तर ‘ते बाहेर झाले’ हे उत्तर मान्य करू नका.

पायरी ४: आपला हिशोब आपण करा

तडजोडीला बसण्याआधी तुमची रक्कम तुम्हाला माहीत असली पाहिजे. ती माहीत नसेल तर समोरचा जो आकडा सांगेल तोच मोठा वाटतो.

सूत्र असे आहे. मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के गुणिले गुणांक. कायमचे आंशिक अपंगत्व असेल तर संपूर्ण अपंगत्वाच्या रकमेतला ठरलेला टक्का. गुणांक वयाप्रमाणे कमी होत जातो: ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. हिशोबासाठी पगार कितीही असला तरी महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. कमीत कमी रक्कम मृत्यूसाठी १,२०,००० आणि संपूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० रुपये.

समजा, दोडामार्गहून आलेला ४० वर्षांचा कामगार, महिना १४,००० रुपये. कचऱ्याच्या गाडीच्या झाकणात सापडून त्याचा अंगठा गेला. १४,००० चे ६० टक्के म्हणजे ८,४००. त्याला १८४.१७ ने गुणले की १५,४७,०२८. कायद्याच्या यादीत अंगठा गमावण्याला ३० टक्के आहेत. म्हणजे ४,६४,१०८ रुपये. त्यावर अपघाताच्या तारखेपासून वर्षाला १२ टक्के सरळ व्याज. रक्कम दोन वर्षे अडली तर व्याजच एक लाख अकरा हजारांच्या वर जाते. विनाकारण रक्कम अडवली तर प्राधिकारी ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतो. व्याज विमा कंपनी भरू शकते, दंड मात्र सहसा मालकाच्याच खिशातून जातो. ठेकेदाराशी बोलताना हे लक्षात असू द्या.

उपचाराचा खर्च या रकमेपेक्षा वेगळा मिळतो. मालकाने दवाखान्याचे बिल भरले म्हणून ते भरपाईतून वजा करता येत नाही. हे पुन्हा सांगतो, कारण तडजोडीच्या टेबलावर ‘आम्ही ऑपरेशनचे साठ हजार आधीच दिलेत’ हे वाक्य हमखास येते.

बरे होईपर्यंत कामावर जाता येत नव्हते त्या काळासाठी पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के मिळतात. पहिल्या तीन दिवसांसाठी मात्र सहसा काही मिळत नाही, अपंगत्व अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून जास्त टिकले तर ती अट उरत नाही.

यादीत नसलेल्या दुखापतींचा टक्का डॉक्टर ठरवतात. कंबर, पाठ, गुडघा ही बहुतेक प्रकरणे अशीच असतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शरीराचे नुकसान किती टक्के हा एक प्रश्न आहे, आणि कमावण्याची ताकद किती टक्के गेली हा वेगळा प्रश्न आहे. भरपाई दुसऱ्यावर ठरते. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण धरले गेले. प्रमाणपत्र घेताना डॉक्टरांना तुम्ही कुठले काम करत होता ते नेमके सांगा. ‘कामगार’ एवढे सांगून भागत नाही. ‘ऐंशी किलोचे डबे दोन हातांनी उचलून गाडीत रिकामे करायचो’ असे सांगा.

हलगर्जी तुमची होती असे पालिका म्हणेल. भरपाईला मालकाची चूक दाखवावी लागत नाही. दारू पिऊन, मुद्दाम नियम मोडून किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकून दुखापत झाली तर हक्क जातो, पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर त्या कारणानेही जात नाही.

मलनिस्सारणाच्या चेंबरमध्ये उतरवलेला माणूस मेला असेल तर त्याची गोष्ट स्वतंत्र आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख सांगितले आहेत. अशा घरातल्या माणसांनी वरच्या सूत्राने हिशोब करून थांबू नये.

पायरी ५: दावा दाखल करा

पालिका बोलणी करते आहे म्हणून दावा दाखल करायचे पुढे ढकलू नका. मी प्रत्येकाला आधी दाखल करा आणि मग बोला असेच सांगतो. दोन वर्षांचे घड्याळ बोलणी चालू असली तरी थांबत नाही. शिवाय दावा दाखल झाल्यावर पालिकेच्या अधिकाऱ्यालाही पैसे देणे सोपे जाते. ते का, ते पुढे येते.

पणजीत कामगार खात्याचे मुख्य कार्यालय पाटोला श्रमशक्ती भवनात आहे. कदंब बसस्थानकावरून चालत जाता येते. तुमच्या तालुक्याचे प्रकरण कुठल्या अधिकाऱ्यासमोर चालते ते तिथे विचारा. अपघात जिथे झाला तिथे, किंवा कामगार जिथे राहतो तिथे दावा करता येतो. म्हणजे तुम्ही सिंधुदुर्गात घरी परतला असाल तरी वाट बंद नाही. तरीही साक्षीदार आणि कागद गोव्यात असल्याने गोव्यातच दावा चालवणे मला सोयीचे वाटते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या नंबरवर फोन करून माहिती मिळते.

पायरी ६: पालिका तडजोडीला बोलावते तेव्हा

इथे घाई करू नका. बोलावणे आले की पहिला प्रश्न: समोर बसलेला माणूस पैसे मंजूर करू शकतो का? नगराध्यक्ष किंवा नगरसेवक मनापासून ‘देऊन टाकू’ म्हणाले तरी पालिकेचा पैसा तेवढ्याने सुटत नाही. नगरपालिकेत कार्यालयीन जबाबदारी मुख्याधिकाऱ्यावर असते, पणजीत महानगरपालिकेच्या आयुक्तांवर. रकमेला मंजुरीचा ठराव लागत असेल तर त्याची प्रत मागा. ठरावात तुमचे नाव, रक्कम आणि अपघाताची तारीख आहे ना, ते वाचून घ्या. ‘माजी कामगाराला मदत’ एवढेच त्यात लिहिले असेल तर ती मदत ठरते, भरपाई ठरत नाही.

अधिकाऱ्याची अडचणही समजून घ्यावी. स्वतःच्या सहीने मोठी रक्कम दिली की लेखापरीक्षणात ‘कुठल्या आदेशाने दिली?’ असा प्रश्न येतो. म्हणून बरेच अधिकारी मनात असूनही कागद पुढे ढकलत राहतात. प्राधिकाऱ्यासमोर दावा असेल आणि तडजोड तिथे नोंदली गेली, तर त्या अधिकाऱ्याच्या हातात आदेश असतो. तुमच्या आणि त्याच्या दोघांच्याही सोयीचा मार्ग हाच आहे. अशा अधिकाऱ्याला भांडून न सांगता ‘साहेब, कामगार खात्याच्या कमिशनरांसमोर लिहून देऊया’ एवढे सांगितले की काम पुढे सरकते.

टेबलावर ठेवलेला कागद घरी नेऊन वाचायची मुभा मागा. त्यात साधारण या गोष्टी सापडतात.

‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणताही हक्क नाही’ असे छापलेले व्हाउचर. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तरीही सही केली की पुढची दोन वर्षे तो कागद खोडत बसण्यात जातात, म्हणून करूच नका.

भरपाईच्या आकड्यात ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, पीएफ सगळे मिसळून दाखवलेली एकच मोठी रक्कम. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा. अपंगत्वामुळे नोकरी सुटली असेल तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट लागत नाही, हेही इथेच मांडा.

राजीनाम्याचा कोरा अर्ज किंवा कोरा स्टॅम्पपेपर. यावर सही नाही, कितीही रकमेसाठी नाही.

आणि शेवटी एक तोंडी आश्वासन: ‘रक्कम थोडी कमी घे, मुलाला कामावर लावू.’ पालिकेतली भरती नियमाने होते आणि असे आश्वासन कोणी एकटा माणूस पाळू शकत नाही. मुलाच्या नोकरीच्या नावावर भरपाई कमी करून घेऊ नका. नोकरीचे बोलणे खरेच असेल तर ते भरपाई पूर्ण दिल्यावरही होऊ शकते.

मग घ्यावे किती? माझे मत असे आहे. यादीतली दुखापत असेल, जसा वरचा अंगठा, तर टक्क्यावर वादच नाही. तिथे मूळ रक्कम आणि व्याज यांवर एक रुपयाही सोडू नये, फार तर दंडाचा आग्रह सोडावा. पाठीच्या किंवा कमरेच्या दुखापतीत डॉक्टरांच्या टक्क्यांत मोठी तफावत असते आणि निकाल कुठेही झुकू शकतो. तिथे तुमच्या डॉक्टरांच्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या आकड्याच्या मध्ये येणारी रक्कम लवकर हातात पडत असेल तर विचार करायला हरकत नाही. घरभाडे थकले आहे, मुलांची फी भरायची आहे म्हणून हिशोबाच्या निम्म्याखाली जाऊ नका. त्यासाठी प्राधिकाऱ्याकडे सुनावणी लवकर घेण्याची विनंती करा. कायद्याने असे प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित आहे.

मृत्यूच्या प्रकरणात घरच्यांनी रोख रक्कम घेऊच नये. ही भरपाई प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. थेट वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. मालक आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देऊ शकतो. विधवा, आई, मुले यांच्यात वाटप प्राधिकारी करतात. दीर किंवा सासरा ‘मी सांभाळतो’ म्हणत पुढे आला तरी विधवेने स्वतः प्राधिकाऱ्यासमोर उभे राहावे आणि आपल्या नावाचे खाते द्यावे.

पायरी ७: तडजोड नोंदवा

एकरकमी भरपाई आपसात ठरली की त्याचे निवेदनपत्र मालकाने प्राधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. प्राधिकारी दोन्ही बाजूंना नोटीस देतात आणि सात दिवस गेल्याशिवाय नोंद करत नाहीत. रक्कम तुटपुंजी आहे किंवा दडपणाने, फसवून सही घेतली आहे असे दिसले तर ते नोंद नाकारू शकतात. म्हणून सुनावणीला स्वतः जा. प्रश्न विचारला तर मान डोलावू नका. हात किती चालतो, घरी कोण कमावते, हे स्पष्ट सांगा. मराठीत सांगितले तरी चालते, दुभाषा लागला तर मागा.

नोंदणी झालीच नाही तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो. शिवाय त्याने आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम, प्राधिकाऱ्याने वेगळे सांगितल्याशिवाय, वजा करता येत नाही. आधीच कोणी तुमच्याकडून व्हाउचरवर सही घेऊन थोडे पैसे दिले असतील, तर हे वाचून दावा दाखल करा. ती सही म्हणजे शेवट नाही.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. तडजोडीप्रमाणे प्राधिकाऱ्याने आदेश दिला की त्यावर अपील नसते. पर्वरीच्या उच्च न्यायालयात जाण्याची वाट लढवलेल्या निकालासाठी आहे. ती तेव्हाही साठ दिवसांत, आणि कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच. म्हणून तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधी कोणाकडून तरी ते ओळीओळीने मोठ्याने वाचून घ्या. त्यात रक्कम अंकांत आणि अक्षरांत, व्याज धरून की सोडून, उपचाराचा खर्च वेगळा की त्यातच, आणि पैसे कुठल्या तारखेपर्यंत भरायचे, एवढे तरी असलेच पाहिजे. तारखेपर्यंत न भरल्यास व्याज पुढे चालू राहील, अशी ओळ घालून घ्या.

पायरी ८: पैसे हातात येईपर्यंत

रक्कम शक्यतो प्राधिकाऱ्याकडे जमा होऊ द्या आणि तिथून आपल्या बँक खात्यात घ्या. भरपाईची रक्कम कोणा सावकाराला जप्त करता येत नाही आणि ती गहाणही टाकता येत नाही, त्यामुळे ‘भरपाई आली की दे’ म्हणून कोणाला आधी लिहून देऊ नका. आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्या. पुढे त्याच हाताचे दुखणे वाढले, किंवा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गोमेकॉत जावे लागले, तर ती कामी येते.

पालिकेने तारीख पाळली नाही तर नवीन खटला लागत नाही. त्याच प्राधिकाऱ्याकडे वसुलीचा अर्ज द्या. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. अर्जासोबत आदेशाची प्रत, तडजोडीतली तारीख आणि बँक खात्यात पैसे न आल्याचे स्टेटमेंट जोडा, आणि अर्ज दिल्याची तारीख आपल्या प्रतीवर शिक्क्यासकट घ्या.